समुद्रकांठचा प्रवास तिथि पाहून आंखावा

दिवाळी तोंडावर आली म्हणजे एकत्र कुटुंबांत फराळाच्या यादीबरोबर प्रवासाचीहि यादी निघूं लागते. दारांत मोटार उभी आहे, रस्ते पूर्वींपेक्षां बरे झाले आहेत, मुलांना सुटी आहे; मग एकदां समुद्र पाहून यावयास काय हरकत आहे, असा प्रश्न जालना, अंबड, परतूर, भोकरदन इकडच्या घरांतून दरसाल निघतो. तो रास्तच आहे. ज्या जिल्ह्यांत वर्षाकांठीं सातशें मिलीमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तेथील माणसाला अथांग पाण्याची ओढ वाटावी यांत नवल नाहीं. शिवाय आमच्या भागाची एक मौज आहे. जालन्याच्या कुंडलिकेचें पाणी दुधनेस मिळतें, दुधना पूर्णेस, पूर्णा गोदावरीस, आणि गोदावरी तें थेट बंगालच्या उपसागरांत नेऊन सोडते. समुद्र आम्हांस जवळचा तो पश्चिमेचा. पण आमच्या छपरावरून ओघळलेलें पाणी जातें तें पूर्वेच्या दूरच्या समुद्राकडे. जवळच्या समुद्राची भेट घ्यावयाची तर ती आपली आपणच जाऊन घेतली पाहिजे.

या भेटीची आंखणी बहुतेक घरांत थोरले चिरंजीव हातांत फोन घेऊन करतात. अमुक गांव इतके किलोमीटर, ताशीं इतक्या वेगानें इतके तास, रोज तीन ठिकाणें, आणि पांच दिवसांत अलिबागेपासून मालवणापर्यंत सारा किनारा ‘पुरा’! हा हिशेब कागदावर चुकत नाहीं. तो वाटेंत चुकतो. कारण देशावरच्या प्रवासांत रस्ता आपली वाट पाहत असतो. किनाऱ्यावरच्या प्रवासांत आपल्याला पाण्याची वाट पाहावी लागते. म्हणून आमचें म्हणणें असें आहे कीं, समुद्रकांठचा प्रवास किलोमीटरांवरून न आंखतां दोन गोष्टींवरून आंखावा. एक तिथि, आणि दुसरी, घरांतील सर्वांत थकलेलें माणूस.

प्रथम रस्त्याचें स्वरूप ध्यानांत घेऊं. रायगड जिल्ह्यांतील रेवसपासून सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग सुमारें पांचशें किलोमीटरांचा आहे. बॅ. अंतुले हे मुख्यमंत्री असतांना, म्हणजे १९८० ते १९८२ या काळांत, त्या कल्पनेस चालना मिळाली. परंतु वाटेंतील मोठ्या खाड्यांवरचे कित्येक पूल अद्याप व्हावयाचे आहेत. त्यामुळें सावित्रीच्या मुखाशीं बागमांडल्याहून वेसवीस, वाशिष्ठीवर दाभोळहून धोपाव्यास, आणि शास्त्री नदीवर तवसाळहून जयगडास मोटारीसकट फेरीबोटीनें उतरावें लागतें. बोट पलीकडच्या तीरावर असेल तर ती येईपर्यंत थांबणें प्राप्त. मोटारींची रांग असेल तर दुसऱ्या खेपेची वाट पाहणें प्राप्त. शिवाय गांवांतून जाणारे रस्ते नारळीपोफळींच्या वाड्यांमधून गेलेले, अरुंद व वळणावळणांचे आहेत. जो मनुष्य जालना ते छत्रपति संभाजीनगर हें साठ किलोमीटरांचें अंतर तासाभरांत तोडतो, त्यानें कोंकणांत तेवढ्याच अंतरास तीन तास धरावे आणि मनाला शांत ठेवावें.

आतां तिथीविषयीं. आमच्या घरांतून पंचांग किंवा दिनदर्शिका भिंतीवर असतेच. चतुर्थी केव्हां, एकादशी केव्हां, हें लहान मुलालाहि ठाऊक असतें. पण समुद्रहि तिथीप्रमाणें चालतो ही गोष्ट देशावरच्या फार थोड्यांच्या ध्यानांत येते. चंद्र रोज आदल्या दिवसाहून सुमारें दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटें, उशिरां माथ्यावर येतो, आणि भरतीहि तितकीच मागें सरकते. अमावास्येस व पौर्णिमेस मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती दुपारीं बारा व रात्रीं बारा यांच्या आसपास असते. तेथून पुढें दर तिथीस दोन घटका मिळवीत जावें. यासाठीं किनाऱ्यावरच्या जुन्या मंडळींचा सोपा ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीस चार पाऊण तीन, अष्टमीस आठ पाऊण सहा, एकादशीस अकरा पाऊण सव्वाआठ. कृष्णपक्षांत प्रतिपदेपासून पुन्हां एक मोजावा. भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी, आणि पुढें सहा तासांनीं पुन्हां भरती. घरांतील आजोबांनीं लहानपणीं पाठ केलेली पाऊणकी इतक्या वर्षांनीं नातवंडांच्या उपयोगीं पडेल असें त्यांसहि वाटलें नसेल!

हा हिशेब ढोबळ आहे हें मात्र विसरूं नये. अर्धा-पाऊण तास मागेंपुढें होतोच. शिवाय मुंबईहून दक्षिणेस जावें तसतशी भरती थोडी आधीं येते. घरीं बसून दिवस ठरविण्यास पाऊणकी पुरे. प्रत्यक्ष पाण्यांत पाऊल टाकतांना त्या दिवसाचें भरती-ओहोटीचें वेळापत्रक पाहावें आणि स्थानिक माणसाचा शब्द शेवटचा मानावा. तसेंच अमावास्या-पौर्णिमेच्या आगेंमागें पाणी फार चढतें व फार उतरतें. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार बेताचा असतो. त्याला भांग म्हणतात. मुंबईकडे मोठ्या उधाणास पाणी साडेचार-पांच मीटरांपर्यंत चढतें, तर वेंगुर्लें-गोव्याकडे याच्या निम्म्यावर. ज्या घरांत लहान मुलें व वृद्ध आहेत, त्यांनीं उधाणाचे दिवस टाळून भांगाचे दिवस निवडावे, हें यावरून उघड आहे.

हें शास्त्र पांडित्यासाठीं सांगितलेलें नाहीं. हरिहरेश्वरास देवळामागें डोंगराला वळसा घालून खडकांवरून प्रदक्षिणेची वाट आहे. ती ओहोटीलाच चालतां येते. भरतीच्या वेळीं तेथें लाट केव्हां उसळून माणसाला ओढून नेईल याचा नेम नसतो, आणि अशीं माणसें गेलेलीं आहेत. देवाच्या दारीं आलों आहोंत, प्रदक्षिणा अर्धी कशी सोडावी, असा हट्ट तेथें कामाचा नाहीं. दुसरी गोष्ट पोहण्याची. आमच्याकडचा मुलगा विहिरींत सूर मारावयास शिकलेला असतो, आणि त्यामुळेंच तो समुद्राला भीत नाहीं. पण विहिरीचें पाणी जागच्या जागीं असतें. समुद्राचें पाणी पायाखालची वाळू घेऊन मागें जातें. गणपतीपुळ्याचा समुद्र जितका देखणा तितकाच पोहणाऱ्यास दगा देणारा आहे. मुलांना पाण्यांत खेळूं द्यावयाचें तें पाणी चढत असतांना, गुडघ्यापर्यंत, आणि तीरावर एका जाणत्या माणसाची नजर ठेवून. पाणी उतरूं लागलें कीं सर्वांनीं बाहेर यावें. तिसरी गोष्ट मोटारीची. ओहोटीला वाळू घट्ट दिसते म्हणून हौसेनें मोटार पुळणीवर नेतात, ती रुतते, आणि मग तासाभरांत येणाऱ्या भरतीबरोबर सारें घर तिला ढकलीत बसतें. पुळण चालण्यासाठीं आहे; मोटारीसाठीं रस्ता आहे.

आतां उदाहरणादाखल बारा माणसांचें एक कुटुंब धरूं: आजोबा, आजी, दोन मुलगे, दोन सुना, घरींच राहणाऱ्या आत्याबाई, आणि पांच मुलें. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेस झाली. तृतीयेस पाहुणे परतले. चतुर्थीस पहाटे निघावयाचें. दोन मोटारी, आणि प्रत्येकींत आळीपाळीनें चालवूं शकणारीं दोन माणसें. एकच मोठी गाडी भाड्यानें करणें सोयीचें वाटतें, पण वाडीच्या बोळांतून ती वळत नाहीं. तशी केलीच, तर चालकाच्या निजण्याजेवण्याची सोय आपल्याइतकीच चांगली करावी. बारा जिवांचा भार त्याच्या झोपेवर असतो.

पहिला मुक्काम पुणें. अंतर सुमारें तीनशें किलोमीटर. दुपारीं पोंचून विश्रांति. पंचमीस ताम्हिणी घाटानें माणगांव, तेथून म्हसळें, आणि सायंकाळच्या आंत हरिहरेश्वर. ताम्हिणींत वळणें पुष्कळ. ज्यांना मोटार लागते त्यांना पुढच्या आसनावर बसवावें, सकाळीं पोटभर जेवूं घालूं नये, आणि मोसंब्याच्या फोडी हाताशीं ठेवाव्या. मोसंबीं आमच्या जिल्ह्याचींच आहेत आणि त्यांस भौगोलिक मानांकनहि आहे; एक पिशवी यजमानांकरितां अधिक घ्यावी. षष्ठीस सहा पाऊण साडेचार, म्हणजे ओहोटी सकाळीं साडेदहाच्या सुमारास: प्रदक्षिणेची वेळ आपोआप सांपडली. दोन प्रहरीं बागमांडल्याहून खाडी ओलांडून वेळास, केळशी, आंजर्लें, हर्णें असें करीत दापोलीजवळच्या मुरुडास जावें. वेळास हें नाना फडणविसांच्या घराण्याचें मूळ गांव. आंजर्ल्याचा गणपति कड्यावर बसलेला आहे. आणि हर्ण्यासमोर पाण्यांत सुवर्णदुर्ग उभा आहे.

सप्तमीस कोठेंहि जाऊं नये. हा दिवस मुरुडच्या पुळणीवर नुसतें बसण्याचा. मुलांना करमत नसेल तर त्यांना सांगावें कीं, महर्षि धोंडो केशव कर्वे याच गांवांत वाढले. परीक्षेस बसण्यासाठीं ते १८७५ सालीं सोबत्यांबरोबर येथून सह्याद्रि ओलांडून साताऱ्यास पायीं गेले, आणि वयानें लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. ज्यांना तेव्हां दारांतून परत फिरविलें, त्यांनींच पुढें १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१६ सालीं महिलांचें विद्यापीठ स्थापिलें. मोटारींत बसून ‘किती राहिलें?’ म्हणून दर दहा मिनिटांनीं विचारणाऱ्या मुलांस ही हकीकत पुरेशी बोलकी आहे. पायीं हिंडून सारा देश पाहिलेल्या समर्थांचें जांब आपल्याच जिल्ह्यांत आहे, हेंहि ओघानें सांगतां येईल.

अष्टमीस दाभोळची खाडी उतरून गुहागर. हा भांगाचा दिवस. ओहोटी दुपारीं बाराच्या सुमारास, म्हणून तीन ते पांच या वेळांत पाणी शांतपणें चढत असतें. मुलांच्या खेळास सबंध प्रवासांत यासारखी वेळ नाहीं. गुहागरास व्याडेश्वराचें दर्शन घ्यावें, आणि शक्य तर एखाद्या घरगुती उतारशाळेंत उतरावें. तेथें बोलण्यास विषय शोधावा लागत नाहीं. कोंकणांतील कित्येक घराण्यांची कुलदेवता अंबेजोगाईची योगेश्वरी आहे; त्यांचीं माणसें पिढ्यान् पिढ्या घाट चढून आमच्या मराठवाड्यांत येत आलीं आहेत. आपण ज्या वाटेनें आज उतरलों, त्या वाटेनें ते आपल्याकडे कितीदां तरी आलेले असतात. आणि आपल्या ज्वारीच्या भाकरीची चव त्यांना आपल्याला त्यांच्या आंबोळीची आहे त्याहून अधिक ठाऊक असते.

नवमीस हेदवी, वेळणेश्वर, आणि तवसाळची खाडी उतरून गणपतीपुळें. हेदवीस कड्यांत बामणघळ म्हणून एक फट आहे. भरतीच्या जोरांत तिच्यांतून पाणी उंच उसळतें. पण आपण तेथें पोंचणार दोन प्रहरीं, आणि नवमीची भरती पावणेसातची, तीहि मंद. म्हणजे ती शोभा यंदा नाहीं. हळहळूं नये. एकाच फेरींत भरतीचें आणि ओहोटीचें, दोन्हीं सुख मिळत नाहीं. मुलांचें पोहणें आपण निवडलें, तेव्हां बामणघळ सोडली. दशमीस आरे-वारेच्या रस्त्यानें रत्नागिरी. हा रस्ता मात्र मोटारींतूनच पाहण्यासारखा आहे: एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस खालीं पसरलेला समुद्र. वळणावर न थांबतां जेथें रुंद जागा असेल तेथें थांबून पाहावें. रत्नागिरीस लोकमान्यांचें १८५६ सालचें जन्मघर आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा हीं दोन स्थळें पुरेत. राज्य गमावून येथें आणलेला तो राजा याच समुद्राकडे पाहत १९१६ सालीं येथेंच वारला.

एकादशीस आंबा घाटानें कोल्हापूर. तो दिवस उपवासाचा. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, केळीं आणि रत्नागिरीचीं दोनचार शहाळीं बरोबर असावींत. द्वादशीस सोलापूरवरून तुळजापूर, आणि त्रयोदशीस बीडमार्गें घर. तुळशीचें लग्न पौर्णिमेपर्यंत लावतां येतें. तेव्हां घरचें कार्यहि चुकत नाहीं. असे दहा दिवस. यांत मालवणचा सिंधुदुर्ग राहिला, मुरुड-जंजिरा राहिला. राहूं द्यावे. जें राहिलें त्याच्यासाठीं पुन्हां जातां येतें. जें घाईनें उरकलें त्याच्यासाठीं पुन्हां कोणी जात नाहीं.

एका गोष्टीविषयीं मात्र आम्ही आग्रह धरतों. दिवस वांचविण्यासाठीं रात्रीं जेवून निघावयाचें आणि पहाटे घाट उतरावयाचा, ही रीत सोडून द्यावी. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे आणि तो जालना जिल्ह्यांतूनच जातो. त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं आणि इगतपुरी ते आमणें हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. अलिबागेकडून किनारा धरावयाचा तर हाच रस्ता जवळचा. पण सरळ, एकसुरी रस्ता चालकाच्या डोळ्यांवर अंगाईसारखा काम करतो. १ जुलै २०२३ रोजीं मध्यरात्रीनंतर आपल्या शेजारच्या सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर एक प्रवासी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसें निजल्या जागीं गेलीं. तेव्हां निघणें पहाटे, पोंचणें दिवसाउजेडीं, दर दोन तासांनीं पाय मोकळे करणें, आणि निघण्यापूर्वीं चाकांची झीज व हवा तपासून घेणें, एवढे चार नियम प्रत्येक घरानें पाळावेत. वांचलेला एक दिवस कुटुंबाहून मोलाचा नसतो.

आतां दुसरी कसोटी: घरांतील सर्वांत थकलेलें माणूस. आजी-आजोबा थकलेले आहेत हें तर दिसतेंच. ज्यांना मोटारींत इतके तास बसवत नाहीं, त्यांना दोन टप्प्यांनीं नेतां येतें. जालन्याहून मुंबईस ३० डिसेंबर २०२३ पासून वंदे भारत गाडी सुरूं झाली. ती आतां नांदेडहून निघते व जालन्यास थांबते. मुंबईहून पुढें कोंकण रेल्वे आहे, जी १९९८ सालीं पूर्ण झाली. एका मुलानें आजी-आजोबांस घेऊन चिपळूणपर्यंत आगगाडीनें यावें, आणि बाकीच्या मंडळीनें त्यांना तेथें गांठावें. खर्च थोडा वाढतो. कंबर मात्र शाबूत राहते.

पण घरांत न दिसणारें थकलेलें माणूस आणखी एक असतें. दिवाळीच्या आधीं पंधरा दिवस चुलीपुढें, दिवाळींत पाहुण्यांच्या पंगतींत, आणि प्रवासाच्या आदल्या रात्रीं बारा माणसांचे कपडे, औषधें आणि शिदोरी बांधण्यांत जिचा वेळ गेला, ती सून मोटारींत बसते तेव्हांच तिचा प्रवास संपलेला असतो! मुक्कामीं पोंचल्यावर इतर मंडळी समुद्राकडे धांवतात आणि ती ओले कपडे वाळत घालते. घरची चूल समुद्रकांठीं नेऊन ठेवणें म्हणजे सहल नव्हे. म्हणून शिदोरी पहिल्या दोन दिवसांपुरतीच असावी: धपाटे, शेंगदाण्याची चटणी, थोडें लोणचें. पुढें जेथें उतरूं तेथील आमटीभात, कुळिथाचें पिठलें, घावन, सोलकढी यांवर राहावें. ज्यांना भाताची सवय नाहीं त्यांनीं पहिल्या दिवशीं बेतानें जेवावें; तेवढ्यासाठीं ज्वारीचें पीठ आणि तवा बरोबर नेऊं नये. कपडे प्रत्येकानें आपापले बांधावे. दहा वर्षांच्या मुलालाहि हें जमतें. औषधांची पेटी थोरल्या मुलाकडे, हिशेबाची वही धाकट्याकडे. आणि सुनांना, तसेंच आत्याबाईंना, कोणाला न विचारतां खर्चण्यासाठीं थोडी रक्कम आधींच वेगळी द्यावी. शंख-शिंपल्यांच्या दुकानापुढें चारदां विचार करून मागें फिरणारी आत्या ज्या घरांत असते, त्या घराचा प्रवास हिशेबांत कितीहि चोख असला तरी अपुरा समजावा.

घर कोण राखील, हाहि प्रश्न आहे. बहुधा तो आपोआप सुटतो, म्हणजे आजी किंवा आत्या मागें राहतात. प्रश्न निघतांच आजी म्हणतात, “तुम्ही जाऊन या गं. मला आतां कशाला समुद्र? आणि देवांची पूजा कोण करील?” हें ऐकून पुष्कळ घरांत सुटकेचा निःश्वास टाकून यादींतून एक नांव कमी केलें जातें. आमची विनंती अशी आहे कीं, या ‘नको’चा अर्थ नीट लावावा. जिनें १९७२ च्या दुष्काळांत एक घागर दोन दिवस पुरविली, आणि २०१३ सालीं टँकर येईल त्या वेळेप्रमाणें घरचीं कामें मागेंपुढें केलीं, तिला पाणी पाहावेंसें वाटत नाहीं असें कसें मानावें? तिचा नकार समुद्राला नसतो. आपल्यामुळें दुसऱ्यांची अडचण होईल या भीतीला असतो. घरांतील कर्त्या सुनेनें स्वतः जाऊन म्हणावें, “आई, देव शेजारीं सोपवूं, नाहीं तर बाळकृष्ण बरोबर घेऊं. तुमच्याच बेतानें चालणार आहोंत. तुम्ही नसाल तर आम्हीहि पुढच्या वर्षीं जाऊं.” असें तीनदां म्हणावें. तिसऱ्यांदाहि ‘नको’ आलें तर तें खरें समजून त्याचा मान ठेवावा, आणि घरीं कोणी एकानें थांबावयाचें तर तें आळीपाळीनें थांबावें. एकदां मुलगा, एकदां सून. पण पहिल्याच ‘नको’ला मान तुकविणें ही आज्ञाधारकता नव्हे; ती सोय आहे.

तेव्हां या महिन्यांत यादी करावयास बसाल तेव्हां मधोमध पंचांग ठेवावें आणि आजोबांना पाऊणकी म्हणावयास सांगावें. मुलांनीं प्रत्येक तिथीपुढें भरती आणि ओहोटी लिहावी. मग आजींना विचारावें कीं एका दिवसांत किती तास बसवेल, आणि सुनांना विचारावें कीं विश्रांतीचा दिवस कोणता हवा. या तिन्ही गोष्टी कागदावर आल्या म्हणजे ठिकाणें कोणतीं आणि किलोमीटर किती, हें सर्वांत शेवटीं ठरवावें. तें फारसें कठीण जात नाहीं. यादी आपोआप लहान होते, आणि लहान यादीच पुरी होते. पुण्याची व कोंकणांतील उतरण्याची सोय मात्र महिनाभर आधीं पत्रानें वा फोननें पक्की करावी; दिवाळीनंतरच्या आठवड्यांत तिकडे गर्दी पुष्कळ असते.